जुना आवाज

तिच्या नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. योगायोग असा, की ती ज्या कंपनीत नोकरीला होती ती कंपनी अशाच माणसांसाठी बोलकी यंत्रं बनवायची. हातात मावेल एवढं यंत्र, पुढे पडदा, मागे स्पीकर. ऑपरेशनच्या आधी माणसानं रोजची वाक्यं आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची, आणि पुढे पडद्यावर बोट टेकवून ती ऐकवायची. त्यापलीकडचं काही बोलायचं असेल तर टाइप करायचं. मग यंत्र स्वतःच्या आवाजात बोले, बँकेच्या फोनवरची बाई बोलते तसं, सपाट.

त्या यंत्राचं कर्नल ती सांभाळायची. यंत्र चालू केलं की सगळ्यात आधी जागा होतो तो हा गाभा. प्रोसेसर, मेमरी, स्पीकर या सगळ्यांना हाताशी धरून तो यंत्र चालवतो. ऑफिसात तिला सगळे कर्नलबाई म्हणत. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं की नवरा म्हणायचा, "आमच्या घरात फौजेची शिस्त, बायकोच कर्नल." लोक हसायचे. ती नक्की काय काम करते हे त्यानं बत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही विचारलं नव्हतं.

रेकॉर्डिंगला ती काचेच्या अलीकडे बसली होती. नवऱ्यानं पाणी दे, पंखा बंद कर, औषध कुठे ठेवलंस, दार लाव, अशी वाक्यं खणखणीत म्हटली. आवाज त्याचा होताच तसा, पहाडी. मुलासाठी चार प्रेमाचे शब्द म्हटले, मित्रांसाठी दोन ठेवणीतल्या शिव्या म्हटल्या. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं सुचवलं, "काका, काकूंसाठी पण काहीतरी ठेवा ना."

"तिला काय करायचंय?" तो म्हणाला. "तिला न बोलताच कळतं सगळं."

मुलीनं ओशाळून काचेकडे पाहिलं. कर्नलबाईंनी मान वर केली नाही. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलत होती, ती बघत राहिल्या.

ऑपरेशन नीट झालं. आणि नवऱ्यानं हट्ट धरला, की यंत्राच्या त्या सपाट आवाजात तो एक अक्षर बोलणार नाही. माणसानं बोलायचं तर आपल्या आवाजात, नाहीतर गप्प बसायचं. फारच नड आली तर चिठ्ठी लिहायचा. त्यामुळे घरात जे काही बोललं जाई ते एवढंच उरलं. पाणी दे. पंखा बंद कर. औषध कुठे ठेवलंस. एकच वाक्य, एकाच सुरात, दिवसातून दहादा. जिवंत माणूस रागावला तर आवाज चढतो, थकला तर उतरतो. हा आवाज चढतही नव्हता नि उतरतही नव्हता.

पुढे काही वर्षांनी त्या यंत्रातला प्रोसेसर बनायचा बंद झाला. कंपनीनं दुसरा निवडला, स्वस्त आणि कमी बॅटरी खाणारा, आणि कर्नल त्याच्यासाठी नव्यानं बसवायचं काम साहजिकच कर्नलबाईंकडे आलं. साहेब त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण बोलायला गोड. मॅडम, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार, असं म्हणून त्यानं नवा प्रोसेसर बसवलेला बोर्ड त्यांच्या टेबलावर ठेवला.

काम किचकट होतं. कर्नलमध्ये हजारो पर्याय असतात, आणि प्रत्येकाला होय किंवा नाही म्हणावं लागतं. आधी प्रोसेसरचं घराणं सांगायचं, मग मेमरी कुठून सुरू होते ते, मग घड्याळ कुठलं, स्पीकर कुठल्या तारेवर. एक जरी उत्तर चुकलं तरी बोर्ड ढिम्म. तो काय चुकलं तेही सांगत नाही, कारण सांगायला लागणारं तोंडसुद्धा कर्नलच उघडून देतं. पहिला आठवडाभर कर्नलबाई काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग एके दुपारी पडद्यावर अक्षरं धावायला लागली, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खरी अडचण नंतर आली. लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज जुन्या यंत्रात एका वेगळ्या चिपवर होते. ती चिप काढून नव्या यंत्रात घातली, तर नवं कर्नल तिला ओळखच देईना. कारण त्यांच्या लगेच लक्षात आलं. जुना प्रोसेसर आकडे लिहिताना मोठा भाग आधी लिहायचा, नवा छोटा भाग आधी. आपण पंचवीस लिहावे आणि समोरच्यानं बावन्न वाचावेत, तसं. नवा प्रोसेसर तसा दोन्ही पद्धतींनी चालू शकत होता, पण यंत्राला बोलतं करणारा प्रोग्रॅम कंपनीनं बाहेरून विकत घेतला होता, आणि तो छोटा भाग आधी लिहिल्याशिवाय चालत नव्हता.

साहेबानं सोपा तोडगा काढला. जुने आवाज सोडून द्यायचे. नव्या प्रोग्रॅममध्ये चार सुंदर आवाज आहेत, दोन बाईचे, दोन पुरुषाचे. ग्राहकांना त्यातला निवडू दे.

"त्यांना सुंदर आवाज नकोय," कर्नलबाई म्हणाल्या. "त्यांना स्वतःचा हवाय."

साहेबानं खांदे उडवले. वेळेत बसत असेल तर करा, म्हणाला.

त्यांनी वेळेत बसवलं. जुनी चिप उलट क्रमानं वाचणारा एक तुकडा लिहून तो कर्नलमध्ये घातला. चिप वाचता आली, पण आवाज लावला तर नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आवाजाच्या आकड्यांच्या जोड्याही उलट्या होत्या. त्या सुलट्या केल्या, आणि स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला, "दार लाव." चाचणीसाठी त्यांनी घरचीच चिप आणली होती. शेजारचा पोरगा खरंच उठून दार लावायला गेला. सगळे हसले. कर्नलबाईही हसल्या.

या तुकड्यासाठी त्यांनी कर्नलच्या पर्यायांत एक नवा पर्याय ठेवला. त्याचं नाव 'जुना आवाज'. होय किंवा नाही. स्वतःच्या चाचणीच्या यंत्रात त्यांनी होय केलं आणि साहेबाच्या परवानगीनं ते यंत्र घरी नेलं, रोजच्या वापरात टिकतं का बघायला. नवऱ्यानं ते हातात घेतलं, दोन-चार वाक्यं वाजवून पाहिली, आणि चिठ्ठीवर लिहिलं, जुन्यापेक्षा जड आहे.

नवी यंत्रं बाजारात गेली, जुन्या ग्राहकांना त्यांचीच चिप घालून बदलून मिळाली, आणि महिन्याभरात पत्रं यायला लागली. आमचा आवाज कुठे गेला? कर्नलबाईंनी कंपनीनं पाठवलेलं कर्नल उघडून पाहिलं. 'जुना आवाज' या पर्यायापुढे 'नाही' होतं. त्या तडक साहेबाच्या खोलीत गेल्या. तो शांतपणे म्हणाला, की पर्याय चालू ठेवला असता तर सगळ्या चाचण्या दोनदा कराव्या लागल्या असत्या, आणि मूठभर जुन्या ग्राहकांसाठी ते परवडत नाही. मग त्यानं आणखी एक काम सांगितलं. पत्रांना उत्तर त्यांनीच लिहावं. तांत्रिक अडचणीमुळे शक्य नाही, असं. तांत्रिक माणसानं लिहिलेलं बरं दिसतं.

त्यांनी लिहिलं. न लिहून काय करणार होत्या? निवृत्तीला दोन वर्षं होती. नवऱ्याला दर महिन्याला जी इंजेक्शनं लागत ती कंपनीच्या विम्यावर चालायची, आणि या वयात दुसरी नोकरी कुणी दिली नसती. उत्तर लिहून झाल्यावर त्या हात धुऊन आल्या, चहा घेतला, आणि पुन्हा येऊन सही केली.

एक बाई मात्र पत्रावर थांबल्या नाहीत. थेट ऑफिसच्या दारात येऊन बसल्या. त्यांचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. यंत्र त्यांनी कपाटात ठेवलं होतं आणि दुपारी काढून ऐकायच्या. कंपनीची बदलून देण्याची योजना आली, त्यांना वाटलं नव्यात आवाज आणखी स्वच्छ येईल. कर्नलबाईंनी त्यांच्याकडून यंत्र मागून घेतलं, रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर बसून त्यात आपलं कर्नल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं. बाईंनी तिथेच, पायऱ्यांवर, बोट टेकवलं. यंत्राच्या आत कुणीतरी म्हणालं, "अगं, छत्री घेतलीस का?" बाईंनी यंत्र कानाशी धरलं आणि तशाच निघून गेल्या. कर्नलबाई नंतर बराच वेळ पायऱ्यांवरच उभ्या होत्या.

असली गोष्ट झाकून राहत नाही. बाईंनी दवाखान्यात कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. दोन यंत्रं आणखी घरी आली, तीही त्यांनी करून दिली. मग साहेबानं बोलावलं. आवाज तसाच गोड. मंजुरी नसलेलं कर्नल ग्राहकाच्या यंत्रात घालणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला हवं का, म्हणाला. उद्या यंत्र बंद पडलं तर जबाबदार कोण? यापुढे असं करणार नाही, हे लिहून द्या, नाहीतर मला वर कळवावं लागेल. वर कळवणं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी लिहून दिलं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून. सासऱ्यांनी जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारला, असं सुनेनं सांगितलं. सकाळी त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकाला निघाला की त्या टोकाचे व्यापारी पावलं उचलायचे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आपला अख्खा पुकारा रेकॉर्ड करून ठेवला होता. नवं यंत्र बातम्या वाचणाऱ्या पोराच्या आवाजात बोलतं, म्हणून मामंजींनी ते बंद करून ठेवलंय. आजही महामुश्किलीनं सोबत आणलं. "जेवतात, झोपतात, पण माणूस घरात असल्यासारखं वाटत नाही हो," सून म्हणाली. म्हातारे अदबीनं उभे होते, यंत्र दोन्ही हातांत धरून.

कर्नलबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"नाही होत," त्या म्हणाल्या. "तांत्रिक अडचण आहे."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे? दार लाव."

खणखणीत, पहाडी. म्हाताऱ्यांनी झटकन मान वळवली. साऱ्या आयुष्यात शंभर आवाजांतून एकेक ओळखत आलेला कान तो. त्यांनी कर्नलबाईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. तिथे खुर्चीत एक माणूस बसला होता, गळ्याला पट्टी, मांडीवर तेच यंत्र.

सून सासऱ्यांकडे पाहत होती, मग तिनं कर्नलबाईंकडे पाहिलं. "तुमच्या घरी होतं, मग?" तिनं विचारलं. रागानं नव्हे, नुसतं विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लिहून दिल्याचं सांगावं, विम्याचं सांगावं, असं कर्नलबाईंच्या मनात आलं, पण ते सगळं त्या दोघांच्या काय उपयोगाचं होतं?

म्हाताऱ्यांनी आपलं यंत्र चालू केलं, हळूहळू टाइप केलं आणि आतल्या माणसाकडे तोंड करून बटण दाबलं. बातम्या वाचणाऱ्या पोराच्या आवाजात यंत्र म्हणालं, "आवाज चांगला आहे तुमचा. जपा." मग सुनेला खूण करून ते जिना उतरले.

नवरा खुलला होता. कितीतरी दिवसांत त्याच्या आवाजाला कुणी दाद दिली नव्हती. त्यानं चिठ्ठी लिहिली, माणूस पारखी दिसला, कशाला आला होता? कर्नलबाईंनी सांगितलं. त्यानं लिहिलं, मग करून द्यायचं की, तुला काय जड आहे? तेव्हा मात्र त्या खुर्चीसमोर बसल्या आणि सगळं सांगितलं. पर्याय, पत्रं, साहेब, लिहून दिलेला कागद. आणि हेही, की कागद लिहून दिला नसता तर पुढच्या महिन्याचं इंजेक्शन आलं नसतं.

तो ऐकत होता. पेन्सिल कागदावर टेकवली. काहीतरी लिहायला घेतलं, एक अक्षर उमटलं, ते खोडलं. कर्नलबाई वाट बघत होत्या. खरं म्हणजे कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं पेन्सिल ठेवली आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"जेवायला वाढ."

त्या उठल्या आणि वाढायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबानं कर्नलची साफसफाई काढली. जे पर्याय कुणी वापरत नाही ते काढून टाकायचे, म्हणजे पुढे घोळ नको. 'जुना आवाज' लिहिणाऱ्यानंच काढावा हे योग्य, असं त्याचं म्हणणं पडलं. कर्नलबाईंनी तो तुकडा शोधला, त्यातली आपल्या हातची टिपणं एकदा वाचली, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुसला. कर्नल पुन्हा बांधलं, बोर्डावर चढवलं. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं, एकही चूक न दाखवता. साहेबानं सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं.