उतार बघून उभा केलेला ट्रक

"मेलेलं नाही अजून," मिस्त्री इंजिनात डोकं घालून म्हणाला, "पण जगण्यात रस उरलेला दिसत नाही."

"याचंच काम काढायचं की दुसरं बसवायचं, तेवढं सांगा काका," ट्रकमालकांची मुलगी म्हणाली. धंद्याचे फोन आता तीच घ्यायची. वर्षभरापूर्वी तिनं ट्रकचं लायसनही काढलं होतं. मालकांनी तेव्हा तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशातच ठेवली होती.

"ब्लॉक घासून घासून शेवटच्या साइजला गेलाय, आणखी घासता येणार नाही. नव्या रिंगा घालून ओढेल वर्ष-दोन वर्षं, पण सुरू व्हायला उतार लागणारच. नाहीतर भंगारवाल्याकडे एक इंजीन आलंय, तरणंताठं. किल्ली फिरवली की चालू."

मालकांचा ट्रक किल्लीला दाद देत नसे. तो उतारावरून सोडायचा आणि नेमक्या क्षणी क्लचवरचा पाय काढायचा. तो क्षण फक्त मालकांच्या डाव्या पायाला ठाऊक होता. त्यामुळे मालकांचा चहा, न्हावी, दवाखाना सगळं उतारावर होतं. सपाटीवरच्या नातेवाइकांशी संबंध हळूहळू तुटले. एक मेहुणा टेकडीवर राहायचा. माणूस अत्यंत तिरसट, पण त्याच्याकडे जाणं-येणं टिकून राहिलं.

मुलीनं दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा ट्रक मुकाट्यानं उतार संपेपर्यंत गेला आणि खाली जाऊन थांबला. "जमेल हळूहळू," मालक म्हणाले होते, आणि हे म्हणताना आपल्याला बरं वाटतंय हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

मुलीचा फोन वाजला म्हणून ती दाराबाहेर गेली. मिस्त्री लगेच मालकांजवळ सरकला.

"बोल लेका. सांगू तिला, ते इंजीन आपल्या गाडीला बसत नाही म्हणून?"

"खोटं बोलशील?"

"गिऱ्हाइकांशी रोज बोलतो. तू तर मित्र."

मालकांच्या ओठांवर 'सांग' आलंच होतं. तेवढ्यात बाहेरून मुलीचा आवाज आला. "नाही हो, गुडघाबिडघा काही नाही, बाबा अगदी ठणठणीत आहेत. ट्रकच थकलाय आमचा. यावेळी दुसऱ्या कुणाला द्या काम... हो, मागच्याही वेळी तेच झालं. काय करणार, ट्रकच जुना."

मालकांचा हात डाव्या गुडघ्यावर होता. गेला महिनाभर क्लचवरून पाय उचलायला त्यांना हाताची मदत घ्यावी लागत होती. हे कुणाला कळलेलं नाही अशी त्यांची समजूत होती.

"दुसरं बसव," ते म्हणाले.

"नक्की?"

"बसव रे. आणि ते खोटं उद्याच्या गिऱ्हाइकाला ठेव."

इंजीन बसलं त्या दिवशी त्यांनी किल्ली मुलीच्या हातात दिली. ट्रक इतक्या चटकन सुरू झाला की मालकांना तो जरा उर्मटच वाटला. सवयीनं ते ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मुलगी आत बसलेली पाहून त्यांनी टायरकडे बारकाईनं बघितलं आणि वळसा घालून पलीकडून, मुलीच्या नेहमीच्या जागेवर चढून बसले.

आत उकडत होतं. त्यांनी काचेचं हँडल फिरवलं. ते नुसतंच गोल फिरत राहिलं.

"ही काच कशी उघडते गं?"

"नाही उघडत बाबा. कधीच उघडत नव्हती," मुलगी गिअर टाकत म्हणाली. "शाळेत होते तेव्हापासून सांगतेय मी तुम्हाला."

मालकांनी हँडल सोडलं आणि बंद काचेतून ते बाहेर बघू लागले.