खालची चौकट

काना-मात्रा चुकलेली दिसली की त्याच्या पोटात दुखायचं, म्हणून सगळे त्याला कान्याच म्हणत. नर्सिंगच्या शाळेत मागच्या खोलीत बसून एकोणीस वर्षं त्याने प्रमाणपत्रं जुळवली. नाव लांबलचक असलं तर अक्षरं केसभर जवळ ओढायची, आखूड असलं तर ऐसपैस बसवायची; पण ओळ मोडू द्यायची नाही. हे कोणाला दिसायचं नाही, पण कान्याला झोप लागायची.

मग प्राचार्य मॅडमनी सांगितलं, कॉम्प्युटरवर असं प्रमाणपत्र करा की ऑफिसच्या खिडकीवरच्या ताईंनी चौकटीत नाव टाइप करायचं आणि छापायचं. ते झालं की मागची खोली रिकामी करायची. हे अगदी शेवटी आणि फार गोड आवाजात सांगितलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पायावर कुऱ्हाड मारायची तर मारा, पण तिला धारही तुम्हीच लावून द्यायची?"

कान्या हसला. त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता.

असं प्रमाणपत्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, त्यात प्रत्येक चौकटीला आतून एक नाव द्यावं लागतं. दोन चौकटींना एकच नाव दिलं, तर एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप उमटतं. शिकाऊ माणूसही ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. कान्याने ती मुद्दाम केली. वरची चौकट शिकलेल्या मुलीची, खालची 'प्रमाणित करणार, प्राचार्य' यांची. मॅडम दर दोन वर्षांनी बदलत, म्हणून तीही भरायचीच ठेवलेली. दोन्हींचं आतलं नाव एकच. म्हणजे मुलगी स्वतःच प्राचार्य होऊन स्वतःलाच पास करणार. दोन दिवसांत बोंब होईल, 'कान्याला बोलवा' म्हणतील, आणि आपण पाय ओढत, भाव खात जाऊ, असा त्याचा हिशोब.

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की आपल्यावाचून त्यांचं पान हलणार नाही, आठवड्यात फोन येतो बघ. ती बिचारी फोन उशाशी घेऊन बसायला लागली.

आठवडा गेला. महिना गेला. फोन आला तो एकदाच, गॅसवाल्याचा.

शेवटी कान्या स्वतःच गेला. सहज आलो म्हणाला. खिडकीवरच्या ताईंचा चेहरा खुलला. एकशे चाळीस मुलींना प्रमाणपत्रं वाटून झाली होती, एकही परत आलं नव्हतं. काहींना तर त्यावर नोकऱ्याही लागल्या होत्या.

"आणि खालचं आपोआप भरतं हो, किती सोय केलीत तुम्ही," ताई म्हणाल्या. "मला वाटलेलं दोनदा टाइप करावं लागणार."

कान्या तसाच मॅडमकडे गेला. सगळं कबूल केलं, मुद्दाम केलं हेसुद्धा. त्यांनी ओरडावं, निदान हाकलून तरी द्यावं, असं त्याला वाटत होतं. मॅडमनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला. आपल्या जागी कुठल्याशा पोरीचं नाव आहे, हे त्यांनाही बोट ठेवून दाखवावं लागलं.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "शिक्का आहे ना? लोक शिक्का बघतात."

पाच मिनिटांचं काम आहे, फुकटात करतो, कान्या म्हणाला. नको, त्या म्हणाल्या. बदललं की मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. चहा घेऊन जा.

चहा त्याने घेतला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. तो आत गेला नाही.

घरी बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"घोळ झालाय म्हणाले," कान्या म्हणाला. "बोलावतीलच."

"तुम्ही म्हणालाच होतात," ती म्हणाली, आणि त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढायला आत गेली.