भरपूर जागा

यशराजनं डिस्कची केबल काढली, डिस्क दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर प्रियदर्शनीपुढं ठेवली आणि आपली खुर्ची जराशी मागं सरकवली.

"वहिनी, बरंचसं निघालंय," तो म्हणाला. "सुरुवातीचं तेवढं गेलं."

"सुरुवातीचं म्हणजे?"

"तसं लई न्हाय. पहिल्या पहिल्या ज्या टेपा घातल्या असतील त्या."

कडेवरची लेक, त्रिशला, काउंटरवरच्या स्टेपलरकडं झेपावत होती. प्रियदर्शनीनं तिची मूठ धरली आणि नुसतीच धरून ठेवली. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत क्लास सुटला होता. पोरं यशराजच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर टेकून एकमेकांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवत होती. तिनं विचारलं, पुण्याला पाठवून काही होईल का, आणखी मोठं कुणी असेल का. यशराजनं मान हलवली. नुसतं पुसलेलं असतं तर मीच काढून दिलं असतं, म्हणाला. हे पुसलेलं नाही, त्याच्यावर दुसरं लिहिलंय. खालचं आता कुणाच्या बापाला दिसायचं नाही.

मग त्यानं तिला समजावून सांगितलं. घरच्या कंप्युटरवरचं ते जुनं विंडोज निघालं तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का जन्मालाच आल्या नव्हत्या. त्याला एका हद्दीपर्यंतच मोजता येतं. हद्दीपुढची जागा ते दाखवत नाही, आणि तेच बरं असतं. पण इथं कुणीतरी वरून एक फुकटचा प्रोग्रॅम टाकून त्याला अख्खी डिस्क दाखवली. मग ते बिचारं लिहीत गेलं, आकडे संपले तसं परत एकपासून मोजायला लागलं, आणि शेवटी ठेवलेलं सगळं पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं.

"कुणी केलावता हा उद्योग? सासऱ्यांनी?"

"मी," प्रियदर्शनी म्हणाली.

यशराजनं टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून उगाचच डब्यात टाकला. होतं असं, म्हणाला.

सुरुवातीला आता काय आहे ते तिनं बघायला मागितलं. त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवला. त्रिशलाचं उष्टावण होतं. चांदीच्या वाटीतली खीर, तोंड वेडंवाकडं करणारी त्रिशला, आणि कॅमेऱ्यामागून तात्यासोंचा आवाज, हिकडं बघ की गं, हिकडं. कडेवरच्या त्रिशलानं आजोबांचा आवाज ओळखला आणि स्क्रीनच्या मागं कोण आहे ते बघायला मान वाकडी केली.

घर आठ गल्ल्या सोडून होतं. एरवी पोरीला घेऊन ती रिक्षा करायची. आज चालत निघाली.

तात्यासो तिचे सासरे. उभ्या जिल्ह्यातली लग्नं त्यांनी व्हिडिओ टेपेवर घेतलेली. नेसरी, चंदगडपासून इकडं शिरोळपर्यंत. धंदा कधीच बंद झाला, पण मागच्या खोलीत टेपांची खोकी छताला टेकली होती. पावसाळ्यात तिथं कुबट वास यायचा. टेपांवर पांढरी बुरशी धरायची आणि तात्यासो एकेक पुसत बसायचे. त्रिशला झाली, आणि तिच्या खोकल्याचा संबंध प्रियदर्शनीनं त्या वासाशी जोडला. तिचा नवरा सम्मेद नोकरीला पुण्यात; येऊन-जाऊन. टाकून द्या असं काही ती तोंडानं म्हणाली नाही. तिनं आपल्या पैशांनी ही डिस्क मागवली आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली.

"ह्यात?" तात्यासोंनी ती हातात जोखून बघितली होती. "ह्या एवढ्याशात सगळं?"

"भरपूर जागा आहे, तात्या."

अडचण एकच होती. टेप उतरवून घ्यायचं कार्ड फक्त तात्यासोंच्या जुन्या कंप्युटरलाच बसायचं, आणि त्याच्यावर तेच म्हातारं विंडोज. त्याला निम्मीसुद्धा डिस्क दिसेना. त्रिशला झोपली की प्रियदर्शनी मोबाइलवर शोधत बसायची. शेवटी तिला तो प्रोग्रॅम सापडला. स्क्रीनवर पूर्ण आकडा आला तेव्हा तिनं सासऱ्यांना हाक मारून दाखवला होता. लग्नाआधी ती कंप्युटरचीच नोकरी करत होती. कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या डोक्यानं काहीतरी केल्यासारखं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

तात्यासोंचा जन्माचा रिवाज, गिऱ्हाईक आधी आणि घरचं मागनं. सम्मेदच्या लहानपणीचे फोटोसुद्धा तो दहावीला गेल्यावर धुऊन आले म्हणे. ह्या वेळी मात्र प्रियदर्शनी अडून बसली. आधी घरचं घाला, तात्या. लोकांचं आयुष्यभर केलंत. तात्यासो लाजल्यासारखे हसले होते, आणि खोक्यांच्या तळातून अक्काताईंच्या टेपा त्यांनी आधी वर काढल्या होत्या.

अक्काताई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिच्या लग्नाआधीच गेल्या. तिनं बघितला होता तो फक्त भिंतीवरचा फोटो, ओठ घट्ट मिटलेला. तात्यासो म्हणायचे, फोटो खोटा आहे, ही बाई तोंड मिटून कधी बसलीच नाही.

टेपेचं असं असतं की तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजावीच लागते. तात्यासो टेप घालायचे आणि दारात येऊन हाक मारायचे.

"प्रिया, येतीस काय? तुझी सासू लागली बघ."

कधी त्रिशला अंगावर पीत असायची, कधी कुकर लावलेला असायचा. कधी काहीच नसायचं, नुसती पाठ टेकलेली असायची.

"आता डिस्कवर आहे की, तात्या. कुठं पळून जातंय? सावकाश बघू."

तात्यासो म्हणायचे, व्हय, ते बी खरं. आणि आत जाऊन दार लावून घ्यायचे.

सगळ्या टेपा उतरल्या तशी खोकी भंगारवाल्याच्या गाडीत गेली. खोलीला रंग दिला, त्रिशलाचा पाळणा आत आला. एवढी जागा मोकळी राहिली म्हटल्यावर तात्यासोंना हुरूप आला. त्यांनी आपला जुना हँडीकॅम पुसला आणि नातीच्या मागं लागले. उष्टावण, पालथं पडणं, पाळण्याचा कठडा धरून उभं राहणं. एकेक टेप भरायची, उतरवायची, परत तीच वापरायची. आणि एके सकाळी कंप्युटर विचारायला लागला, ही डिस्क कोरी आहे, तयार करू का? तात्यासोंनी बटणाला हात न लावता सुनेला हाक मारली होती.

चालता चालता प्रियदर्शनी एकच गोष्ट धरून होती. त्यांनी तरी अक्काताईंना बघितलंय. त्या बंद दाराआड, एकेक टेप, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपल्या नशिबात नव्हतं, पण त्यांचं तरी डोळे भरून बघून झालंय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी येईतो तिनं हे इतक्या वेळा मनात म्हटलं की पाय जरा हलके झाले.

तात्यासो पाळण्याच्या खोलीत जमिनीवर बसून त्रिशलाची लंगोटं घडी घालत होते. प्रत्येकाचे कोपरे जुळवून, वरून तळहात फिरवून. नात खाली उतरली आणि रांगत जाऊन पहिली घडी विस्कटून आली.

प्रियदर्शनी दाराला टेकून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. हद्दीचं सांगितलं, प्रोग्रॅमचं सांगितलं, तो आपणच टाकला हेही सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

तात्यासोंनी विस्कटलेलं लंगोट पुन्हा हातात घेतलं.

"म्हणजे गिऱ्हाइकांचं हाय सगळं?"

"ते आहे."

"बरं झालं." त्यांनी कोपरे जुळवले. "चंदगडचे ते हंबीरराव, एकुलत्या लेकीचं लगीन. वरसाला एकदा तरी फोन करतोय, टेप हाय न्हवं म्हणून. त्याचं गेलं असतं तर तोंड दाखवायची सोय न्हवती."

ते मनापासून बोलत होते. प्रियदर्शनीला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ती पुढं येऊन त्यांच्यासमोर बसली. त्रिशला तिच्या मांडीला धरून उभी राहिली.

"तुमचं तरी एकदा बघून झालं, तात्या. मी तेवढंही केलं नाही. तुम्ही हाका मारत होता आणि मी..."

"माझं कुठं बघून झालं?"

तिला आधी कळलंच नाही.

"टेप चालू करायचो आणि स्क्रीन बंद," तात्यासो म्हणाले. "आवाज बी बंद. खिडकीकडं तोंड करून बसायचो तासभर. एकट्यानं कसं बघायचं ते?" त्यांनी घडी गठ्ठ्यावर ठेवली. "म्हटलं तू येशील, मग दोघं मिळून बघू. तू म्हणालीस डिस्कवर हाय, सावकाश बघू. मला बी पटलं ते."

बोलण्यात टोमणा नव्हता. हवापाणी सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. प्रियदर्शनी मांडीवरच्या पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिला आठवलं, दार बंद असताना आतून कधीच काही ऐकू यायचं नाही. पोरगी झोपलीय म्हणून आवाज कमी ठेवत असतील, असं तेव्हा तिनं धरून चाललं होतं, आणि त्याचं तिला बरंही वाटलं होतं.

 मग तात्यासोच म्हणाले, आणलीयस न्हवं डिस्क, काय राहिलंय ते तर बघू. तिनं सम्मेदचा लॅपटॉप आणला. कुठली फाइल म्हणून विचारलं, तर म्हणाले कुठली बी लाव.

कुणाची तरी वरात होती. पुढं बँड, मागं घोडा, मुंडावळ्या सावरणारा नवरदेव आणि त्याच्या तोंडावर भगभगीत पांढरा उजेड. एक पोरगा कॅमेऱ्यात डोकं घालून पळाला. उजेड नवरदेवाच्या तोंडावरून हळूहळू खाली घसरला, छातीवर आला, आणि दचकल्यासारखा पुन्हा वर गेला.

"ते बघ," तात्यासो म्हणाले. "सुटला हात."

"कुणाचा?"

"तिचाच की. लाइट धरायला माणूस ठेवायची ऐपत कुठं होती? हीच यायची संगं. दोन दोन तास असा हात वर करून." त्यांनी आपला हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून दाखवला. त्रिशला त्या हाताकडं बघून हसली. "घरी येऊन भांडायची मग. आपल्या लग्नात नव्हता एवढा उजेड, म्हणायची, आणि लोकांच्या लग्नात माझा खांदा उतरतोय."

प्रियदर्शनी स्क्रीनजवळ सरकली. कॅमेऱ्याच्या चौकटीत कुठं बोट, कुठं पदर, कुठं बांगडी येतेय का ते बघत राहिली. काही येत नव्हतं. नवरदेव घोड्यावर डुलत होता. उजेड थोडा वेळ स्थिर राहिला, मग त्याच्या कडा बारीक थरथरायला लागल्या.

"दमली," तात्यासो म्हणाले.

प्रियदर्शनीनं आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. शेजारीच उभी असेल, काहीतरी पुटपुटली असेल, निदान हुश्श तरी म्हणाली असेल. बँड वाजत होता. त्याच्या खाली, त्याच्या आत, कुठंही दुसरं काही नव्हतं. तिनं तो तसाच वाजू दिला.