धूर कुणाच्या नावावर

साखरतरच्या चढावर समोरून बस आली, तसा तन्वीर होडेकरने स्कूटर कडेला घेतली. मागे काळ्याभोर धुराचा लोट सोडत बस कण्हत कण्हत चढत होती. धूर इतका दाट की मागून येणारा सायकलवाला घडीभर दिसेनासाच झाला. तन्वीरने नाकाला रुमाल लावला, बसच्या मालकाला मनातल्या मनात सणसणीत शिवी हासडली, आणि तेवढ्यात गिअर बदलल्याचा आवाज त्याच्या कानावर आला. घशात काही अडकल्यासारखी ती गुरगुर त्याच्या चांगलीच ओळखीची होती. निळ्या रंगावर पिवळा चढला होता, बाजूला कुणा ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव आलं होतं, पण बस त्याच्याच कंपनीची, नीलतरंगची होती. त्याने स्वतः उभं राहून जिचं इंजिन उतरवून घेतलं होतं, तीच.

आणि आत बसलेल्या बायाही नीलतरंगच्याच होत्या. खिडकीतून कोळंबी सोलणाऱ्या चिमाने त्याला बघितलं. तोंडाला पदर धरलेला, डोळे लाल. तिने हात केला नाही.

तन्वीर तिथेच स्कूटरवर बसून राहिला. त्याला जो राग चढला तो पुढे कितीतरी दिवस उतरला नाही.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या नीलतरंग फ्रोजन फूड्समध्ये तो गाड्यांचा मॅनेजर होता. त्याआधी कुवेतला एका बस डेपोत उमेदीची वर्षं घालवून तो परतला होता. तिथे गाडी धुरकट निघाली तर फोरमन ती फाटकाबाहेर जाऊ देत नसे. इथे आला तेव्हा कंपनीच्या बसेस आणि मासळीचे ट्रक चुलीसारखे धुमसत होते. फिल्टर कधी बदललेले नाहीत, इंजिनातल्या डिझेलच्या पंपाला हात लावलेला नाही, आणि बर्फ भरायला लागलेला ट्रक तासन् तास इंजिन चालू ठेवून उभा. ड्रायव्हरांशी भांडून, मोठ्या शेठच्या मागे लागून तन्वीरने दोन वर्षांत हे सगळं ताळ्यावर आणलं. दोन अर्धवट भरणाऱ्या फेऱ्यांची एक फेरी केली. धूर कमी झाला, डिझेलही वाचलं. कोळंबी सोलणाऱ्या बाया म्हणायच्या, तन्वीरभावच्या बसमध्ये आता डोळा लागतो.

मग मोठ्या शेठचा मुलगा स्वरूप शेट्ये पुण्याहून शिकून आला. मुंबईच्या एका उद्योजक मंडळाने त्या साली नवा पुरस्कार काढला होता. कंपनीच्या गाड्यांचा धूर ज्याने सर्वांत जास्त घटवला, त्या वाहतूक व्यवस्थापकाचा सत्कार व्हायचा. परदेशातल्या गिऱ्हाइकांना असलं काही दाखवता आलं तर माल लवकर खपतो, असं स्वरूपचं म्हणणं. त्याने तन्वीरचं नाव धाडलं. आणि "जुन्या गाड्या विकून टाकू, अलोऱ्याकडची एक पार्टी आहे," असं सांगून तीन बसेस आणि जुने ट्रक एका दमात काढून टाकले. साखरतरच्या बायांसाठी भाड्याची चांगली बस येईल म्हणाला. तन्वीरने विश्वास ठेवला. खरं तर त्याला बरंच वाटलं होतं. त्याच्या बायकोने, शरीफाने तर राजिवड्यापासून दाभोळपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं, की आमच्या ह्यांचा फोटो पेपरात येणार.

चढावरून तन्वीर तशीच स्कूटर हाकत कंपनीत आला आणि स्वरूपच्या केबिनमध्ये शिरला.

"स्वरूपशेठ, बस अलोऱ्याला गेली म्हणाला होतात ना?"

"गेली होती. ह्याच आठवड्यात परत आली." स्वरूपने मान वर केली नाही. "आता ती कंत्राटदाराची आहे. आपला संबंध नाही."

"कंत्राटदार कोण?"

"माझा मेहुणा. का?"

"तो रॉकेल घालतो डिझेलमध्ये! वास येतो रस्त्यावर. पंप खलास होतोय. आत बाया गुदमरतायत."

"तन्वीरभाई, बसा आधी." तन्वीर बसला नाही. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. कंपनीच्या नावावर आता किती गाड्या आहेत? सगळ्या नव्या. धूर कितीसा? नसल्यात जमा. ह्यात खोटं एक अक्षर नाही. सत्कार कुणाचा होणार? तुमचा. मग भांडताय कुणाशी?"

"धूर आहे तिथंच आहे, शेठ. फक्त तुमच्या नावावरचा उतरला."

"हेच तर करायचं असतं," स्वरूप हसून म्हणाला.

त्या हसण्याने तन्वीरच्या मस्तकात तिडीक गेली. पण मुलगी झारा कॉलेजात होती, तिची फी होती, घराचं छप्पर अर्धं झालेलं होतं. तो बाहेर आला आणि शेडमागे जाऊन त्याने रिकाम्या पिंपाला लाथ घातली. पायाचा अंगठा सुजला, बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साखरतरची मैना कामावर येता येता बसमध्येच ओकली. पोटुशी होती. बसच्या तळाचा पत्रा गंजून गेलेला, त्यातून धूर सरळ पायांत यायचा. सुपरवायझरने तिला सोलायच्या टेबलाशी उभंही राहू दिलं नाही, घरी पाठवली. चिमाने तन्वीरला गेटाशी गाठलं. चिमा तिथली सगळ्यात जुनी बाई, कोळंबी सोलून सोलून तिच्या बोटांची नखं झिजलेली.

"तन्वीरभाव, तुला बक्षीस लागतंय म्हणं?"

"अजून नाही."

"कसलं रं? धूर कमी केलास म्हून?" तिने पदर झटकला, काजळी उडाली. "आमच्या फुप्फुसात भरून ठेवलास व्हय सगळा?"

तन्वीरने स्कूटरला किक मारली. घरी गेला तर शरीफा शर्टाला इस्त्री करत होती. उद्या मुंबईहून मंडळाची बाई पाहणीला येणार होती.

"हा शर्ट घाला," ती म्हणाली. "फोटोत बरा दिसेल."

"कसला फोटो! थुंकायला हवं त्या फोटोवर," तो इतका मोठ्याने ओरडला की झारा आतल्या खोलीतून बाहेर आली. मग त्याने दोघींना सगळं सांगितलं. शरीफाने इस्त्री बाजूला ठेवली. शर्टाची घडी घालता घालता ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगून बसले हो." तिला रडू आलं. तन्वीरला तिचाही राग आला, आणि मग स्वतःचा.

पाहणीला आलेल्या बाईंचं नाव नम्रता सामंत. तरतरीत, नीटनेटक्या, हातात फाइल. स्वरूपने त्यांना नवे ट्रक दाखवले, धूर मोजायचं यंत्र दाखवलं, शहाळं पाजलं. बाईंनी तन्वीरला चार नेमके प्रश्न विचारले, आणि इंजिन चालू ठेवण्याची सवय त्याने कशी मोडली ते ऐकून मनापासून खूश झाल्या. तेवढ्यात शिफ्ट सुटली. पिवळी बस गेटाशी येऊन धुमसत उभी राहिली.

"बाई," तन्वीर म्हणाला, "एक गाडी राहिली. चला, बसून बघू."

"ती आपली नाही!" स्वरूप पुढे झाला.

"नसेना का. बाई, पाचच मिनिटं."

नम्रताबाई चढल्या. बायांनी सरकून जागा दिली. ड्रायव्हर बाबल्या आधी कंपनीतच होता. आरशात तन्वीरला बघून त्याने मान खाली घातली. शिरगावच्या चढाला लागेपर्यंत बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर काजळी बसली, आणि त्या खोकायला लागल्या त्या थांबेनात. चिमाने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

चढ संपल्यावर तन्वीरने बस थांबवायला लावली. दोघं खाली उतरली.

"ही बस काही महिन्यांपूर्वी आमची होती," तो म्हणाला. "आजही आमच्याच बाया नेते. आता बोला."

नम्रताबाईंनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा उतरला होता. "होडेकर, मला कळतंय सगळं. पण आमच्या नियमात कंपनीच्या नावावरच्या गाड्याच धरतात. कंत्राटदाराच्या गाड्या मोजत नाहीत. त्यात तुमचं काम सरस आहे. पुरस्कार तुम्हालाच मिळेल."

तन्वीरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हे नाकातोंडात गेलं तरी?"

"मी नियम बदलू शकत नाही."

"मग माझं नाव काढा."

"म्हणजे?"

"म्हणजे मला नको. तुम्ही मॅनेजरचा सत्कार करता ना? मॅनेजर नाही म्हणतोय. ह्या बायांच्या छातीवर पाय देऊन मी स्टेजवर चढणार नाही. लिहा तुमच्या फाइलीत."

बाईंनी फाइल उघडली. "लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि बसमध्ये काय पाहिलं तेही लिहिते. कोण वाचेल सांगता येत नाही."

त्याच संध्याकाळी स्वरूपने तन्वीरला बोलावलंही नाही. वॉचमनकडून निरोप आला: उद्यापासून येऊ नका. आणि मेहुण्याने संतापून साखरतरची बसच बंद केली.

कोळंबीचा ऐन हंगाम होता. बायांनी शिरगावपर्यंत चालायचं, तिथून मिळेल त्या एसटीला लोंबकळायचं, आणि उशिरा पोचलं की सुपरवायझरच्या शिव्या खायच्या. तिसऱ्या दिवशी चिमा तन्वीरच्या दारात येऊन उभी राहिली. मागे मैना आणि आणखी पाच-सहा जणी.

"झालं तुझं समाधान?" तिने अंगणातूनच सुरू केलं. "तुझं मन साफ झालं. आमची बस गेली! धूर तर धूर, पण घरापातूर सोडत होती. आता ही पोटुशी मैना घाटी चढून जाते. बक्षीस नको म्हणालास, लई मोठा झालास. आमाला इचारलंस?"

"तुमच्यासाठीच केलं मी!"

"आमी सांगितलं होतं?"

शेजारीपाजारी दारात आले. तन्वीरच्या अंगाची लाही लाही झाली. नोकरी गेली, घरात बायको तोंड मिटून वावरते, आणि वर ही म्हातारी अब्रू वेशीवर टांगते. "माझ्या दारात काय ओरडतेस?" तो गरजला. "बस मी बंद केली? हे सगळं त्यांच्या गेटावर जाऊन ओरड! तिथं जीभ टाळ्याला चिकटते काय?"

चिमाने पदर खोचला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू येशील गेटावर?"

"येईन."

"मंग उद्या सकाळी ये. बायांना मी आणते."

मैना पुढे आली. ती म्हणाली, "आन बस मागायची ती धुराची नाय मागायची, चिमामावशे. मागायचीच तर धड मागू."

सकाळी नीलतरंगच्या गेटावर साखरतर, काळबादेवी, मिऱ्या, सगळीकडच्या बाया बसल्या. घोषणा कोणाला येत नव्हत्या. बसल्या, बस्स. आत मिरकरवाडा बंदरातून आलेले कोळंबीचे ट्रक उभे होते, बर्फाचं पाणी गळून रस्त्यावर येत होतं. स्वरूप बाहेर आला आणि आधी तन्वीरवरच धावून गेला.

"नोकरी गेली म्हणून बाया भडकवतोस? तुला रत्नागिरीत कोण उभं करतं बघतो!"

"मला करू नका उभं. बस उभी करा," तन्वीर म्हणाला. "कंपनीच्या नावावर. धूर निघाला तर कंपनीचा निघू दे, म्हणजे कुणाच्या तरी जिवाला लागेल."

स्वरूप अरेरावी करत राहिला. बाया ऊन चढलं तरी हलल्या नाहीत. शेवटी मोठे शेठ स्वतः गाडीतून उतरले. आयुष्य मासळीत गेलेला माणूस. बर्फाचं पाणी बघूनच त्याला कळलं की आत न सोललेला माल खराब होतोय. चिमाने त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, "शेठ, बस तुमची पायजे. पत्रा नवा पायजे. आन बघायला तन्वीरभाव पायजे. नायतर माल तुमी सोला."

मोठ्या शेठनी मुलाकडे पाहिलं. "मेहुण्याला फोन लाव," म्हणाले. "बस परत घे."

"बाबा, पुरस्कार..."

"गेला तो. आता माल पण घालवू?"

तन्वीर त्याच दिवसापासून कामावर लागला. बस आली ती अक्षरशः ढकलत आणावी लागली. पंप खोलला तर आत राड. बाबल्यानेही हात काळे केले. आपण रॉकेल ओतायचो हे त्याने मान खाली घालून कबूल केलं, आणि तन्वीरने त्याला फाडून खाल्लं. पत्रा बदलून बस धड चालायला पंधरवडा गेला. त्या पंधरवड्यात बायांना भाड्याच्या टेम्पोतून यावं लागलं, आणि चिमा रोज उतरताना तन्वीरला दोन शब्द सुनावायची.

पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्याच कंपनीच्या मॅनेजरला मिळाला. पेपरात फोटो आला. शरीफाने बातमी वाचली आणि म्हणाली, "ह्याच्या गाड्या कुणाच्या नावावर आहेत कोण जाणे." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलली. तन्वीरने चहाचा कप खाली ठेवला.

विकलेले जुने ट्रकही त्याच मेहुण्याकडे गेले होते, आणि ते मात्र अजून तिथेच होते. बसमध्ये बाया बसतात म्हणून बस परत मिळाली. ट्रकमध्ये मासळी असते, मासळी खोकत नाही. पण ते ट्रक रोज शिरगावच्या शाळेवरून जायचे. तन्वीरने मोठ्या शेठकडे दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी टाळला. स्वरूप तर त्याच्याशी बोलणंच सोडून बसला होता.

एका सोमवारी सकाळी त्यातलाच एक ट्रक गेटातून आत शिरला आणि अख्खं अंगण काळं करून उभा राहिला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला. तन्वीरने जाऊन चावी काढली.

"अहो, चावी द्या! हा कंपनीचा ट्रक नाही."

"माहीत आहे. कंपनीच्या नावावर परत येईपर्यंत चावी माझ्याकडे," तन्वीर म्हणाला. चावी त्याने खिशात टाकली आणि तो थेट स्वरूपच्या केबिनचं दार ढकलून आत गेला.