हॉलमधला बारदाना

एकेक पाय! बुंदीने पाण्यात एकेक पाय वेगळा हलवला! बोदलकसा तलावाच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभी राहून मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडे जाळं आवरणारा माणूस होडीत उठून उभा राहिला. बिचाऱ्याला वाटलं, कोणी बुडालं. माझा नवरा प्रफुल छातीभर पाण्यात बुंदीच्या पोटाखाली हात धरून उभा होता, त्याच्याही डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, तलावाचं उडालं. बरं, तलावाचं!

बुंदी ही आमची कॉकर स्पॅनियल. रंग ताज्या बुंदीसारखा, म्हणून नाव बुंदी. लांब कान, त्यांना आणखी लांब केस, आणि डोळे असे की समोरच्याच्या हातातली पोळी आपोआप तिच्या तोंडात जावी. लहानपणापासून पळताना मागचे दोन्ही पाय ती जोडीने उचलायची, सशासारखी. आम्हाला वाटायचं, नाचते! बाबूजी, म्हणजे माझे सासरे ईश्वरदास, आल्यागेल्याला बोलावून दाखवायचे, "देखो देखो, कशी नाचून राहिली!"

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि आमचा नाच तिथेच संपला. हिप डिसप्लेसिया. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसत नाही, सांधा सैल, म्हणून एका पायावर भार द्यायला ती घाबरते. हे बरं होणारं दुखणं नव्हे, सांभाळायचं दुखणं आहे, असं त्यांनी सांगितलं. वजन उतरवा. उड्या बंद, जिने बंद. पोहायला न्या, म्हणजे सांध्यावर भार न पडता मांड्यांना बळ येईल. मग त्यांनी विचारलं, "घरात फरशी कसली आहे?"

प्रफुलने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

तिरोड्यातलं आमचं नवं घर म्हणजे फरशी, बाकी सगळं नंतर. बाबूजींनी खास मोरबीहून मागवलेल्या टाइल्स. वर पंखा फिरला की खाली दुसरा पंखा फिरतो. बाबूजींचा जन्म धानाच्या व्यापारात गेला. जुनं घर आमच्या राइस मिलच्या मागेच होतं, तिथे बारदान्याच्या थप्प्या अगदी पलंगापर्यंत यायच्या. बारदाना म्हणजे रिकामी तागाची पोती. अंगाला तो वास, जेवणात ती धूळ. म्हणून नव्या घरात त्यांना काच हवी होती, आणि त्यांनी काचच घातली. त्या काचेवर बुंदीचे मागचे पाय दोन दिशांना पसरायचे. मग ती पोटावर पडून राहायची आणि आमच्याकडे बघायची. मला ते बघवायचं नाही. राग यायचा, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

मी मिलमधून बारदाना आणला. दाभण आणि सुतळी घेऊन पोत्याला पोतं शिवलं आणि स्वयंपाकघरापासून हॉलमधून मागच्या दारापर्यंत वाट अंथरली. बुंदीने एक पाय ठेवून पाहिला, दुसरा ठेवला, आणि न घसरता थेट मागच्या दारात! मी टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात बाबूजी आले.

"हे कायले अंथरलं?"

"बुंदीसाठी, बाबूजी."

"चाळीस साल मी बारदान्यात काढले. आता या घरात बी तेच?" ते नुसते चिडले नव्हते, त्यांना लागलं होतं, हे मला समजलं. पण मी गप्प बसणारी सून असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

"मग तिनं चालायचं कसं?"

"दिवारीनंतर गुंजनचे सोयरे येऊन राहिले साक्षगंधाची तारीख काढाले. त्या दिवशी एक बी पोतं दिसलं नाई पायजे. कुत्री फरशीवर चालली तं घरात राहीन. नाई तं देवरीच्या वावरात, कैलाशपाशी. तेथं माती हाय, सुखानं राहीन."

"मंजूर!" मी म्हटलं. मागून प्रफुलने कपाळाला हात लावला. गुंजन म्हणजे माझी नणंद; तिच्या साखरपुड्याच्या तोंडावर मी पैज घेतली होती. देवरीचं आमचं शेत राखणारा कैलाश माणूस चांगला, पण बुंदी तिथे एकटी, दिवसभर ट्रकांच्या रस्त्याकडे बघत बसणार. मला ते नको होतं. काही झालं तरी नको होतं.

मग काय, कंबर कसली! पोळीचे तुकडे बंद. गुंजन चोरून बिस्किट देताना सापडली, तिला मी अशी झापली की लग्नाआधीच सासर कळलं. सोफ्यापुढे खुर्च्या आडव्या लावल्या, उडीच नको. पंजांच्या खालचे केस कात्रीने कापले, कारण या जातीला तळव्यांतही झुबके येतात आणि घसरायला तेवढे पुरतात. आणि सकाळी सकाळी बोदलकसा! अंगात लहान मुलांचं तरंगायचं जॅकेट, प्रफुलचे हात पोटाखाली. बाहेर आली की आधी कान कोरडे करायचे, नाहीतर कानांचं दुखणं सुरू. आणि त्या सकाळी एकेक पाय! दिवाळी यायच्या आधीच ती बांधाच्या मातीवरही एकेक पाय टाकत चालायला लागली. मी प्रफुलला सगळ्यांसमोर मिठी मारली. तिरोड्यात हे करत नाहीत.

सोयरे आले तो दिवस. बारदाना गुंडाळून मागच्या ओसरीत. गुंजनने फरशी इतकी पुसली होती की मलाच पदर सावरत चालावं लागत होतं. मुलगा हिमांशू, त्याचे आईवडील, सगळे सोफ्यावर बसले. बाबूजी नव्या धोतरात, चेहऱ्यावर सगळ्या टाइल्सचा उजेड. मागे राहिली होती मुलाची आजी, धुरपताबाई. काठी टेकत ती दारापर्यंत आली, आणि उंबऱ्यावरच थांबली.

"या ना, आई," बाबूजी म्हणाले.

"मी नाई येत बाप्पा. फरशी हाय का तलाव? मागच्या साली अशाच फरशीवर पडली होती मी. खुब्यात रॉड हाय माह्या."

हिमांशूचे वडील हात द्यायला उठले. "सोड रे! तू बी पडशीन अना मले बी पाडशीन." गुंजनचा चेहरा पडला. आजी दारातून परत गेली तर तारीख कसली निघणार!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बुंदी आली. चाल, बाई, चाल! तिने पुढचा पंजा फरशीवर ठेवला. मागचा डावा, मग उजवा. चार पावलं चालली! मग मागचा पाय जरा सरकला, तिने तो सावरला आणि थांबली. पुढे येईना. हॉलच्या त्या टोकाला ती, या टोकाला धुरपताबाई, मध्ये चकाकती मोरबी.

आजीने तिच्याकडे पाहिलं. "ते बी नाई येऊन राहिली. काऊन वो, तुह्या बी खुब्याले झालं का?"

"हो आजी," माझ्या तोंडून निघून गेलं. "खुबाच."

मी बाबूजींकडे पाहिलं नाही. धीरच झाला नाही. फक्त नव्या धोतराची सळसळ ऐकू आली, मागच्या दाराकडे जाणारी. आणि मग धप्प! बाबूजींनी बारदान्याचा गुंडाळा हॉलमध्ये आणून टाकला आणि मालाचा व्यापारी टाकतो तसा बुंदीपासून उंबऱ्यापर्यंत एका झटक्यात उलगडला. धूळ उडाली. मिलचा शिक्का वर.

बुंदी लगेच निघाली. एकेक पाय, एकेक पाय, थेट धुरपताबाईपर्यंत! तिने काठीवरची बोटं चाटली. "चाल, तू पुढे," आजी म्हणाली, आणि उंबरा ओलांडून बुंदीच्या मागे पोत्यावरून चालू लागली. मला ओरडायचं होतं. मी गुंजनचा हात इतका दाबला की तीच ओरडली.

पण सोफा बारदान्याच्या कडेपासून दोन हात लांबच राहिला. धुरपताबाई पुन्हा थांबली.

"सूनबाई," बाबूजी म्हणाले, "दाभण आन. अना एक पोतं."

आणले. सगळ्या सोयऱ्यांसमोर, नव्या धोतरानिशी, बाबूजी त्या टाइल्सवर मांडी घालून बसले आणि पोत्याला पोतं शिवू लागले. काय सफाईने! सुतळी नुसती धावत होती.

मी हळूच वाकले. "बाबूजी, देवरीचं काय?"

"देवरीत बारदाना कोन शिवून देईन तिले?" त्यांनी मान वर केली नाही. बुंदी येऊन नेमकी त्याच पोत्यावर पसरली होती. "ऊठ वो माय," ते तिला म्हणाले, "शिवू तं दे!"