सात कुंड्या आणि दुपारची झोप

टिकटिकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्याबद्दल गल्लीनं दिलेलं हे बक्षीस. माणूस सरळ, हातात कसब, पण एक खोड होती. थांबलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवून मांडीवर घ्यायचे, आणि घरातली बाई चहाचा कप हातात धरून ताटकळत उभी राहायची.

हिवाळ्यात त्यांची बायको मोठ्या आजारातून उठली. उठली म्हणजे वाचली एवढंच. अंगात त्राण उरलं नव्हतं. टिकटिकरावांनी तिला उभं करायचा चंगच बांधला. सातला औषध, आठला दूध, नऊला अंगणात फेऱ्या, आणि मधल्या वेळात दर तासाला "कसं वाटतंय?" तिचा डोळा लागला की हे उशाशी हजर. "जरा पडू द्या हो मला," ती म्हणायची. मग ते पांघरूण सारखं करून बाहेर जायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा डोकवायचे. प्रेम होतं, निव्वळ प्रेम. पण प्रेमानंसुद्धा माणूस मेटाकुटीला येतो, हे त्यांना कोण सांगणार?

उन्हाळा लागल्यावर ती बहिणीकडे राहायला गेली. हवापालट म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. निघताना मागच्या पायऱ्यांवरच्या सात कुंड्यांकडे बघून म्हणाली, "फुलं आली की येते मी."

फुलं क्रोकसची, शरदात येणारी, फिकट जांभळी. त्यांच्या थंड मुलखात पावसाळा असा नव्हताच, उन्हाळा सरला की थेट शरद. 'केशराची चुलत बहीण, पण गरिबाघरची,' असं ती त्यांच्याबद्दल गमतीनं म्हणायची. या फुलांची तऱ्हाच उलटी. बाकीची बाग आवराआवर करायला लागली की ही मातीतून वर येतात, पान नाही, काही नाही, नुसतं फूल. पानं मागाहून. ती हिवाळाभर हिरवी राहतात, उन्हं तापायच्या सुमारास पिवळी पडून वाळतात, आणि मग महिनोन् महिने कुंडीत दिसते ती फक्त माती. थोडे कंद तिनं कुंपणाजवळच्या जुन्या नासपतीखालीही लावले होते.

टिकटिकरावांना बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पाण्याचं ती काही बोलली नाही, कारण त्या दिवसांत करायचं काहीच नसतं. काही करू नका हे मुद्दाम सांगावं लागेल, असं तिला सुचलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर खरं तर सुचायला हवं होतं.

पानं वाळली तसे टिकटिकरावांचे हात शिवशिवायला लागले. कुंड्या थांबल्या होत्या! त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली. वर खत दिलं. नासपतीखाली नळी सोडली. फुलं लवकर आली तर ती लवकर येईल, असा त्यांचा साधा हिशेब. फोनवर मात्र अवाक्षर काढलं नाही, तिला चकित करायचं होतं ना. तिला वाटलं, हे कुंड्या विसरले दिसतात. चला, बरंच झालं.

उन्हाळा सरत आला तरी मातीतून काही डोकावेना. शेवटी एक कुंडी कडेवर घेतल्यासारखी धरून ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. कुबट वास आला. कंदांचा काळा लगदा झाला होता. पाणी किती घालत होता, असं बाईंनी विचारल्यावर टिकटिकराव अभिमानानं म्हणाले, एक दिवस चुकवला नाही.

बाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "काका, उन्हाळ्यात हे मेलेले नसतात, झोपलेले असतात. कोरड्या मातीत गपचूप पडू द्यायचं असतं त्यांना. वेळ झाली की आपले आपण उठतात."

टिकटिकराव तिथल्याच एका खोक्यावर बसले. 'जरा पडू द्या हो मला.' किती वेळा म्हणाली होती ती! आणि ती हवापालटाला का गेली, हेही त्यांना त्या खोक्यावर बसल्या बसल्या कळलं. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

बाई कनवाळू होत्या. नवे कंद आलेत, आत्ता लावले तर पाच-सहा आठवड्यांत फुलतील, घरी कळणारसुद्धा नाही, असं म्हणून त्यांनी डझनभर कंद कागदाच्या पिशवीत भरून दिले. घरी येऊन टिकटिकरावांनी उरलेल्या सहा कुंड्या उपड्या केल्या, तिथेही तोच लगदा. मग नवे कंद कामाच्या टेबलावर मांडले, डोळ्याला भिंग लावून एकेक पाहिला. तपकिरी जाळीदार साल, वर इवलंसं टोक. लावले की झालं. फुलं येतील, ती येईल, कुणाला पत्ता लागणार नाही.

त्यांनी भिंग काढलं आणि फोन लावला.

"तुझे कंद गेले," ते म्हणाले. "मीच कुजवले, रोज पाणी घालून. यंदा फुलं यायची नाहीत." मग पुढे म्हणाले, "तुझंही मी तेच केलं. झोपू दिलं नाही तुला."

'ऐकतेस ना?' अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"सातही कुंड्या?" तिनं विचारलं.

"सातही."

मग ती हसली. "येते मी," ती म्हणाली. "पण दर तासाला विचारायचं नाही."

ती आली. नवे कंद तिनं स्वतः लावले, मातीत वाळू मिसळून, चार बोटं खोल, दमली की थांबून, तीन दिवस पुरवून. टिकटिकरावांनी फक्त कुंडी धरली. बाकी वेळ त्यांनी जीभ आणि हात कसे आवरले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

असे दोन-तीन आठवडे गेले. एका दुपारी ती झोपली असताना ते मागच्या दारी आले आणि जागीच थबकले. नासपतीखाली चार फुलं आली होती. त्यांनी सोडलेलं सगळं पाणी त्या म्हाताऱ्या झाडानं उन्हाळाभर पिऊन टाकलं होतं आणि कंद कोरडे राखले होते.

ते धावत खोलीच्या दारापर्यंत गेले. तीन वाजले होते. ही फुलं उन्हात उघडतात, ऊन गेलं की मिटतात, आणि त्या कोपऱ्यातलं ऊन चारला जातं. जिच्यासाठी फुलं यायची ती इथे गाढ झोपलेली. नुसता खांद्याला हात लावायचा अवकाश होता.

त्यांनी खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा एकेक ठोका त्यांना ऐकू येत होता. साडेतीन झाले. चार झाले. खिडकीतून दिसणारं ऊन कुंपणावर चढलं आणि गेलं.

पावणेपाचला ती आपली आपण जागी झाली.

"फुलं आली," ते म्हणाले. "नासपतीखाली, चार. पण आता मिटली."

"तुम्ही कधी बघितलीत?"

"तीनला."

तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीखाली दाबलेल्या हातांकडे. "आणि मला उठवलं नाहीत?"

"तू झोपली होतीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भिंतीकडे सरकली आणि पलंगावर जागा केली.

"उद्या परत उघडतील," ती म्हणाली. "या, तुम्हीही पडा जरा."