पेन्सिलीच्या नऊ रेघा

विमा कंपनीचं पत्र नवऱ्याने उभ्या उभ्याच मोठ्याने वाचलं. "'भिंतीतली ओल जुनी असून सावकाश वाढलेली आहे. रहिवाशांना तिची पूर्ण कल्पना होती. ओल कुठवर चढली, हे त्यांनी भिंतीवर वेळोवेळी तारखेसह नोंदवलेलं आढळलं. सबब दावा नामंजूर.'"

सोबत फोटो होता. लहान खोलीची भिंत, तिच्यावर तपकिरी कडांचा डाग, आणि डागाशेजारी पेन्सिलीच्या नऊ रेघा.

तो हसत सुटला. "अगं, मुंगीची उंची! पेन्सिलीने घर बुडवलंस की!"

मला हसू आलं नाही. मुंगी आमची अडीच वर्षांची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून मुंगी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला त्या भिंतीला टेकवायचे, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरायचे आणि रेघ ओढायचे. शेजारी तारीख. नाव कधी लिहिलं नाही. एकच तर मूल, नाव लिहायचं कशाला?

भिंतीतला पाइप दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी फुटला. अचानक फुटला तर पैसे मिळतात, हळूहळू झिरपत असेल आणि तुम्हाला ठाऊक असेल तर नाही, असा विम्याचा नियम. तेव्हापासून ती खोली कुलूपबंद होती. तरी मुंगीचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरीणबाई दर वेळी तेच सांगत, "औषध मी देईन, पण आधी ती भिंत पाडा." भिंत पाडायची तर विम्याचे पैसे हवेत. आमच्याजवळचे तर घर घेतानाच संपले होते.

मी अपील लिहिलं. रेघा ओलीच्या नाहीत, मुलीच्या उंचीच्या आहेत, येऊन खात्री करा. पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा तोच सर्व्हेअर पुन्हा आला, ज्याने भिंतीचा फोटो काढून नेला होता. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. दारात बूट काढून एकमेकांना चिकटवून ठेवणारा.

"चूक असेल तर दुरुस्त करू, ताई," तो म्हणाला. "पण मला एक सांगा. डागाला कडा आहेत ना, एकाबाहेर एक? प्रत्येक कड एकेका रेघेला जाऊन टेकते. नऊच्या नऊ. मी तरी दुसरं काय समजणार?"

"योगायोग," नवरा म्हणाला.

"असेल."

कुलूप काढलं. खोलीत ओल्या मातीचा वास होता, आणि त्यात साबणाचा. मुंगीच्याच साबणाचा. सर्व्हेअरच्या पहिल्या खेपेनंतर त्या खोलीत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं.

मुंगी धावत आत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, सवयीने. मी पुस्तक तिच्या डोक्यावर धरलं. ती वळवळली, हसली, खोकली, "आई, गुदगुल्या!" म्हणाली.

"नीट उभी राहा गं."

सर्व्हेअरने वाकून पाहिलं. मग टेप लावली. मग पुन्हा लावली.

"आठव्या रेघेच्या जरा वर आहे. तेव्हापासून वाढली असेल तेवढी," तो म्हणाला. "पण नववी हिच्याही वर जाते. चांगली तीन बोटं."

"बायकोने पुस्तक तिरकं धरलं असेल," नवरा म्हणाला. "हिला भिंतीवर खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही."

मला नवव्या रेघेचा रविवार आठवत होता. एका महिन्यात एवढी वाढली म्हणून मी हरखून सासूबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "ती आमच्याकडची उंची. तुमच्याकडे सगळे बुटके."

आणि त्या फोनच्या आधीचं आठवलं. बाहेर आभाळ होतं, खोलीत अंधारून आलं होतं, दिवा लावायचा कंटाळा केला होता मी. ती भिंतीला टेकून उभीच होती. त्या दिवशी अजिबात हलली नाही. हसली नाही. मी पुस्तक ठेवलं, हाताने केस चापून बसवले. केस ओले होते. "शहाणी गं माझी बाय," असं मी म्हटलेलं मला आठवतं. रेघ ओढली, तारीख घालायला पेन्सिल टेकवली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुंगीची हाक आली. "आई, पाणी!"

मला वाटलं होतं, पळाली. मुंगीच ती.

पण ती माझ्या हाताखालून पळाली कधी? हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. तारीख घातली आणि पाणी द्यायला गेले.

"ताई?" सर्व्हेअरने कागद पुढे केला. "मला वाद घालायचा नाही. लहान मूल, पुस्तक हललं असेल, मी समजू शकतो. तुम्ही एवढं लिहून द्या, मी दावा मंजुरीला पाठवतो. एक रेघ जरी तुमच्या मुलीची नसली, तर मात्र ती ओलीची धरावी लागेल."

कागदावर एकच वाक्य टाइप केलेलं होतं. 'भिंतीवरील सर्व रेघा माझ्या मुलीच्या आहेत.'

मुंगी पुन्हा खोकली. नवरा माझ्याकडे बघत होता. "कर की सही. थांबलीस कशाला?"

मी भिंतीकडे पाहिलं. मुंगी अजून तिथेच होती, पण आता थोडी स्वतःच्या डावीकडे सरकली होती. बाकावर शेजारणीसाठी सरकून बसतात, तशी. तिचा उजवा हात अंगापासून जरासा लांब होता आणि बोटं मिटलेली होती.

मी सही केली. सर्व्हेअरने ती नीट पाहिली, कागदाची घडी घातली, बूट घातले आणि गेला.

दावा मंजूर झाला. नऊ दिवसांनी गवंडी आले, आणि दुपारपर्यंत भिंत जमिनीवर होती. आत फुटका पाइप निघाला, दुसरं काही नाही. मुंगीचा खोकला आठवड्यात थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, सांगत नव्हते?"

भिंत पाडली त्या संध्याकाळी मुंगीला आंघोळ घातली आणि कपाटातून टॉवेल काढला. कपाट बंद केलं. मग दार पुन्हा उघडलं आणि आणखी एक काढला.